शेवटच्या खांबापर्यंत

लोन पाइन, अलाबामा
९ मार्च

झेनोबियाताई,

परवा आईच्या थडग्यावर दगड बसवला. करडा, साधाच आहे. तुला विचारून बसवायचा होता, पण तीन वर्षं तू फोन उचलत नाहीस. म्हणून नाव आणि सालं तेवढी कोरून घेतली, खाली एका ओळीची जागा मोकळी ठेवली. काही सुचलं तर कळव. दगड कुठे पळून जात नाही.

माझं बरं चाललंय. शाळेच्या स्वयंपाकघरात आता मी मुख्य आहे. पगार तोच, फक्त ओव्हन बिघडला की बोलणी मला. गुडघा दुखतो. शनिवारी सेल्माला जाते, तिथे काही बायका जमतात. चर्चचं काही नाही ते. पुढच्या पत्रात लिहीन, आत्ता लिहिलं तर तू हसशील.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. त्या एप्रिलच्या वादळात आपल्या मिल क्रीक रस्त्याला नऊ दिवस वीज आली नाही, आईचं प्राणवायूचं यंत्र बंद पडलं, आणि डोळ्यांदेखत ती गेली. तळ्याकाठच्या बंगल्यांत मात्र दुसऱ्याच दिवशी दिवे लागले होते. दफन झाल्यावर तू अंगणात उभी राहून म्हणालीस, "या जिल्ह्यानं आपली आई खाल्ली, व्हिल्मा. चल माझ्याबरोबर शिकागोला. आणि इथंच राहायचं असेल तर मग मी तुझी कोणी नाही."

मी राहिले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. अजूनही नीट सांगता येत नाही. पण हल्ली थोडं थोडं जमायला लागलंय.

व्हिल्मा


२० एप्रिल

ताई,

उत्तर आलं नाही, तरी लिहिते. पत्र परत आलं नाही, म्हणजे तू घेतलंस, एवढं माझ्यासाठी पुरे.

सेल्माचं सांगते. आयोनीबाई बॅटल म्हणून एक आहेत, सत्तरीच्या. तरुणपणी शिवणाच्या कारखान्यात त्यांनी बायकांची संघटना बांधली होती. आता त्या वर्षभर एक मंडळ चालवतात, आपल्यासारख्यांसाठी. काळ्या बायका, मेक्सिकोच्या, मूळच्या इथल्या जमातींतल्या, आणि ज्यांना बाई किंवा पुरुष यातलं एकही लेबल लागत नाही असे. कशासाठी, तर पुढे होऊन जबाबदारी घ्यायला शिकायचं. कागदावर त्याला 'नेतृत्वविकास' म्हणतात. तो शब्द वाचून मी परत निघाले होते. म्हटलं, मी मुलांना मक्याचा पाव वाढणारी बाई, मला कसलं नेतृत्व. आयोनीबाईंनी दारातच अडवलं. म्हणाल्या, जेवण तयार आहे, निदान जेवून तरी जा.

जेवण झालं आणि मी राहिले. व्याख्यान नाही, फळा नाही. शेजारच्या खोलीत लहान मुलं सांभाळायला माणूस. येण्याजाण्याच्या पेट्रोलची सोय. आयोनीबाई म्हणतात, बाईला खुर्चीवर बसवायचं असेल तर आधी तिच्या कडेवरचं मूल कोणीतरी घ्यायला हवं.

माझ्या शेजारी नेरेइडा बसते. कोंबड्यांच्या कारखान्यात काम करते, जीभ विळ्यासारखी. दुसऱ्या बाजूला ऑब्री. ऑब्री आपल्याच जिल्ह्याचे, डिक्सन सुताराच्या घरातले. शाळेची बस चालवतात. तू विचारशील, मुलगा की मुलगी. ताई, मीही विचारलं होतं. ते म्हणाले, दोन्ही नाही, आणि मला 'ते' म्हणा. मला वाटलं, जिभेला वळण लागायला वर्ष जाईल. पण मोठ्या माणसाला आपण मान देऊन बोलतो तसंच तर बोलायचं होतं. आठवड्यात जमलं.

मागच्या शनिवारी प्रत्येकीनं उभं राहून एकच वाक्य बोलायचं होतं, 'मला अमुक हवं आहे'. सोपं वाटतं ना? एकीनं म्हटलं माझ्या मुलांना हवं, दुसरीनं म्हटलं आमच्या चर्चला हवं. आयोनीबाई प्रत्येकीला परत बसवत होत्या. मी उभी राहिले आणि 'माफ करा' म्हणून सुरुवात केली. बसवलं. पुन्हा उठले, पुन्हा तोंडातून 'माफ करा'. ताई, बावन्न वर्षांची बाई, मला रडू फुटलं. कोणी हसलं नाही, कोणी पाठ थोपटायलाही आलं नाही. सगळे थांबून राहिले, एखाद्याच्या तोंडातला घास संपेपर्यंत थांबावं तसे.

मग मी ते वाक्य बोलले. काय बोलले, ते आज लिहीत नाही.

तुझी
व्हिल्मा


१५ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दगडावर काय कोरायचं ते तू लिहिलंस, 'तिने कोणाला उपाशी पाठवलं नाही'. मी ते टपालपेटीपाशीच उभं राहून वाचलं, वाचतच राहिले. उद्या कोरणाऱ्याकडे जाते.

खाली तू लिहिलंयस, "ऐकलं ते खरं असेल तर वेडेपणा करू नकोस." म्हणजे खबर शिकागोपर्यंत पोचली. मावसबहिणींच्या पोटात काही राहत नाही.

खरं आहे. वीज सहकारी संस्थेच्या संचालक मंडळासाठी मी अर्ज भरला आहे. सेल्मात बोलले ते वाक्य तेच होतं, "मला त्या मंडळात बसायचंय." माझं मलाच आश्चर्य वाटलं. नेरेइडा म्हणाली, "मग बस की. खुर्च्या काय त्यांच्या बापाच्या आहेत?"

नाहीच आहेत, ताई, आणि सगळी गंमत तिथेच आहे. संस्था सभासदांची. ज्याच्या घरी मीटर, तो सभासद. निम्म्याहून जास्त मीटर आपल्या लोकांच्या घरी. पण मंडळावर आजपर्यंत आपलं एकही माणूस बसलं नाही, आणि बाई तर कुठल्याच रंगाची नाही. दर ऑक्टोबरात सर्वसाधारण सभा होते. येतात थोडे, येतात ते हॅम भरलेलं गरम बिस्कीट खातात, फुकटची बादली घेतात आणि जातात. मग अध्यक्ष हॉलिस टेट साहेब म्हणतात, कोरम नाही, पुरेसे सभासद आले नाहीत, प्रथेप्रमाणे जुनंच मंडळ पुढे चालू. आपल्या वडिलांच्या काळापासून ही प्रथा चालू आहे.

वादळानंतर कोणाची वीज आधी जोडायची, हे तेच मंडळ ठरवतं. हे मला आधी माहीत नव्हतं. मी समजत होते, वीज येते तशी येते, पावसासारखी. ऑब्रींनी संस्थेचे नियम आणले, आणि आम्ही सेल्मात बसून मोठ्यानं वाचले, एकेक कलम, नेरेइडाला तिच्या भाषेत समजावून सांगत. ते वाचून झाल्यावर मला समजलं की आईच्या बाबतीत जे झालं ते देवानं केलं नव्हतं. एका टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी ठरवलं होतं.

मी इथे का राहिले, असं तू विचारलं होतंस. त्या टेबलासाठी, असं आता म्हणता येईल.

व्हिल्मा


३० ऑगस्ट

ताई,

उन्हाळा भयंकर आहे. भेंडी खूप आली, दोन बरण्या लोणचं घातलं, एक तुझ्यासाठी ठेवते. ऑब्रींनी माझ्या गाडीचा पट्टा बदलून दिला. प्रचार छान चाललाय. लोक दार उघडतात, बसायला खुर्ची देतात, बर्फाचा गोड चहा देतात. गुडघाही बरा आहे.

पत्र इथेच संपवून पाकिटात घातलं होतं. पुन्हा काढलं.

प्रचार छान चाललेला नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी मला मुख्य कार्यालयात बोलावलं आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत बदली केल्याचं सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, गरज आहे. त्याच आठवड्यात आपल्या पास्टरांनी सभेसाठी चर्चचा हॉल नाकारला. स्वतः घरी येऊन सांगितलं, एवढं खरं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्हिल्माबाई, चर्चच्या छताला संस्थेनं देणगी दिली आहे. मला अडचणीत आणू नका." मी त्यांना मक्याचा पाव वाढला. त्यांनी खाल्ला.

मी माघारीचा अर्ज लिहून ठेवला. आयोनीबाईंना फोन केला की उद्या देऊन टाकणार. त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. दुपारी बघते तर दारात चार गाड्या. सेल्माचं अख्खं मंडळ. नेरेइडा सुट्टी टाकून आली होती, तिच्या त्या कारखान्यात सुट्टी म्हणजे काय ते तुला माहीत नाही. कोणी माझ्याशी बोललंच नाही. एकीनं कपडे धुवायला टाकले, दोघींनी कोलार्डची भाजी निवडायला घेतली, ऑब्री गळकी मोरी बघायला जमिनीवर आडवे झाले. माझ्याच घरात मला कोणी कामाला हात लावू देईना. मी नुसती बसून होते. आई गेल्यापासून मी दिवसाउजेडी अशी बसले नव्हते.

जेवणं झाल्यावर आयोनीबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुला माघार घ्यायची असेल तर आम्ही तुझ्याबरोबर येऊ. रडत नाही, चांगले कपडे घालून येऊ. फक्त एवढं सांग, ठरवून घेते आहेस की घाबरून?"

मी म्हटलं, "घाबरून."

"मग आज अर्ज देऊ नकोस. घाबरलेल्या माणसानं कागदावर सही करू नये. उद्या ठरवून दिलास तर गोष्ट वेगळी."

दुसऱ्या दिवशी नेरेइडानं फोन करून विचारलं, काय ठरलं. मी म्हटलं, मोरी आता गळत नाही, आणि अर्ज भाजीच्या देठांबरोबर गेला.

तुझ्यापासून हे लपवणार होते. तू म्हणशील, मी सांगितलंच होतं. म्हण हवं तर.

व्हिल्मा


१४ ऑक्टोबर

ताई,

बस आणि मग वाच.

सभा संस्थेनं यंदा शनिवाराऐवजी मंगळवारी ठेवली, सकाळी दहाला. कामकरी माणूस येणारच नाही असा हिशोब. पण आमच्या सेल्माच्या मंडळातल्या सगळ्यांनी दोन महिने दारोदार एकच गोष्ट सांगितली होती, मत कोणालाही द्या, पण या. रात्रपाळीवाले झोप सोडून आले. म्हाताऱ्या माणसांना आणायला सेल्माच्या चर्चांच्या गाड्या आल्या. मुलांना शाळेत सोडून ऑब्री तसेच धावत आले. आणि, तुला खरं वाटणार नाही, आपले पास्टरही आले. मागे उभे राहिले, पण आले.

संस्थेचं सभागृह तू पाहिलंयस. ते साडेनऊलाच भरलं. मग व्हरांडा भरला, मग आवार, तारांच्या मोठ्या रिळांवर माणसं बसली. बिस्किटं संपली. बादल्या तर केव्हाच संपल्या.

टेट साहेब माइकपाशी गेले, चष्मा लावला आणि दरवर्षीसारखंच वाचायला लागले, कोरम झालेला नाही, सबब जुनंच मंडळ...

मी उठले. तोंडातून 'माफ करा' आलं नाही. म्हटलं, "साहेब, मोजा."

ते हसून म्हणाले, "बाई, आम्ही दरवर्षी अंदाज घेतो."

"यंदा मोजा."

मोजलं. मोजल्यावर म्हणाले, खोलीच्या आतले तेवढेच धरणार, ते कमी पडतात. तेव्हा ऑब्री उभे राहिले, आणि हळू आवाजात नियम सांगितला. सभेला हजर असलेला सभासद, एवढंच लिहिलंय. भिंतीच्या आत की बाहेर, असा शब्द कुठे नाही. पहिल्या रांगेतून एक जण ओरडला, "आधी हे सांग, तू बाई आहेस की बुवा?" काही जण हसले. ऑब्रींचा चेहरा मी बघत होते. तसूभरही हलला नाही.

"मी सभासद आहे," ते म्हणाले. "इथे तेवढंच विचारायचं असतं."

मग आवारातून एक आवाज आला, खर्जातला. डोंगराकडचा पर्व्हिस म्हातारा, गोरा, आयुष्यात आपल्याशी चार शब्द बोलला नसेल. म्हणाला, "टेट, मी बाहेर उभा आहे आणि माझे पाय दुखतायत. मला मोज." त्याची वस्ती आपल्यासारखीच तारेच्या शेवटी आहे. वादळात तेही नऊ दिवस अंधारातच होते. हे मला त्याच्या दारावर गेले तेव्हाच समजलं होतं. त्यानं तेव्हा खुर्ची दिली नव्हती, पण ऐकून घेतलं होतं.

सगळं आवार म्हणायला लागलं, मला मोज, मला मोज. टेट साहेबांनी संस्थेच्या वकिलाकडे पाहिलं, वकिलानं जमिनीकडे. टेबल उचलून बाहेर आणलं. कोरम झाला, आणि वरती दुप्पट माणूस उरलं.

उमेदवारांनी दोन मिनिटं बोलायचं होतं. टेट साहेबांचा पुतण्या माझ्याविरुद्ध उभा होता. तो संस्थेच्या परंपरेवर बोलला. माझी पाळी आली. भाषण तयार केलं होतं, ते घडी घालून खिशात ठेवलं. म्हटलं, "माझी आई इडा मे गेन्स. तिचा श्वास विजेवर चालायचा. नऊ दिवस वीज आली नाही. मी कोणावर आरोप करायला उभी नाही. मला त्या टेबलाशी बसायचंय, म्हणजे पुढच्या वादळात गाडी कोणत्या रस्त्याला आधी जाते हे ठरताना कोणीतरी विचारेल, तिथे कोणी यंत्रावर श्वास घेतंय का. तळ्याकाठी कोणी असेल तर गाडी आधी तळ्याकाठी जाऊ दे. पण विचारा."

आधी एक बाई उठून उभी राहिली, मग तिच्यामागची, मग ओळीच्या ओळी.

मोजणी जेवणाच्या वेळेपर्यंत चालली. मी सत्तावन्न मतांनी निवडून आले.

नेरेइडानं मला उचललं, अक्षरशः उचललं, रोज पिंजरे उचलणारे हात आहेत तिचे. ऑब्री रिळावर बसून रडत होते आणि हसत होते. आयोनीबाई कुठे दिसेनात. शोधलं तर त्या एका कोपऱ्यात, पर्व्हिस म्हाताऱ्याला खुर्ची आणून देत होत्या. मला म्हणाल्या, "छान झालं. आता सोमवारी पहिली बैठक. अभ्यासाला कधी बसायचं?"

ताई, टेट साहेबांनी हात मिळवला. हात गार होता. पण मिळवला.

तुझी बहीण
संचालक व्हिल्मा गेन्स (एकदा लिहून बघितलं)


११ फेब्रुवारी

ताई,

तुझा फोन आला, पण आपण दोघी एवढ्या रडलो की सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून लिहिते.

पहिल्या दोन बैठकांत मला कोणी बोलूच दिलं नाही. मी हात वर करायची, टेट साहेब दुसऱ्याच माणसाकडे बघायचे. शनिवारी सेल्मात आम्ही तशीच बैठक भरवायचो. नेरेइडा टेट साहेब व्हायची, अगदी हुबेहूब, चष्म्यासकट, आणि मी तिला न जुमानता बोलायला शिकायची. तिसऱ्या बैठकीत मी ठराव मांडला, ज्या घरात श्वासाचं किंवा दुसरं जिवाचं यंत्र आहे त्या घरांची तार आधी जोडायची, रस्ता कोणताही असो. ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती अशा दोघांनी हात वर केले. त्यातल्या एकाची बायको गेल्या वर्षीपासून यंत्रावर आहे. एका मतानं ठराव पास झाला.

आणि परवा बर्फाचं वादळ आलं. फांद्या तारांवर पडल्या, अर्धा जिल्हा अंधारात गेला. मी सकाळीच संस्थेच्या कार्यालयात जाऊन बसले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी जा म्हणालंही नाही. दुरुस्तीची पहिली गाडी फाटकातून निघाली. मी खिडकीत उभी होते. तळ्याकडे जायचं तर उजवीकडे वळतात. गाडी डावीकडे वळली.

आपल्या रस्त्याला, शेवटच्या खांबाशी, लुसिल पेटवे राहतात. आठवतात ना, आपल्याला पीच चोरताना पकडायच्या त्या? आता त्यांच्याही नाकाला नळी आहे. दुपारी त्यांच्या घरी वीज आली. तासाभरानं कार्यालयात फोन वाजला. तिथल्या मुलीनं उचलला, ऐकलं, आणि माझ्याकडे रिसीव्हर धरत म्हणाली, "पेटवेबाई आहेत. म्हणतात, संचालकबाईंनाच द्या."

मला वाटलं, आभार मानतील. त्या म्हणाल्या, "व्हिल्मा, यंत्र चालू झालं ते ठीक आहे. पण पडवीतला दिवा अजून लागत नाही. कधी येणार तुमचा माणूस? मी सभासद आहे."

मी म्हटलं, "हो बाई. लिहून घेते."

फोन ठेवल्यावर मी खूप हसले, इतकी की त्या मुलीनं पाणी आणून दिलं. ताई, आपल्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईनं त्या कार्यालयात फोन करून ठणकावून तक्रार केली, आणि इकडून कोणीतरी म्हणालं, हो बाई. आईला हे एकदा ऐकवायला हवं होतं.

पडवीचा दिवा संध्याकाळी लागला. मी स्वतः गाडी काढून बघून आले.

व्हिल्मा